केसरबाईंच्या काळ्या कोंबड्या

केसरबाईंना लहानपणापासून एक खोड होती. कोणतीही वस्तू हाती आली की ती आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सातव्या वर्षी त्यांनी चिंचोका मुद्दाम उलटा पेरला, झाड खाली जातं की वर येतं ते बघायला. लग्न होऊन कळसला आल्यावर नवऱ्याच्या मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलंही. घड्याळ चालत राहिलं, म्हणून नाना काही बोलले नाहीत.

नाना निमगाव केतकीच्या शाळेत शिपाई होते, ते १९९३ साली निवृत्त झाले. कालव्याच्या बाजूला दीड एकर रान होतं. मुलगी करुणा बारामतीत नर्स होती. मुलगा बुद्धघोष रतलामला रेल्वेत होता. त्याचं नाव आजोबांनी ठेवलेलं, दीक्षा घेतल्यानंतर घरात जन्मलेला तो पहिला नातू.

१९९४ च्या डिसेंबरात बुद्धघोष सुट्टीवर आला, तो हातात बांबूची एक करंडी घेऊन. आत एक कोंबडा आणि तीन कोंबड्या होत्या.

"आई, तुला बघायला आणल्यात. रतलामजवळच्या झाबुव्याकडच्या हायत. कडकनाथ म्हणतात."

कोंबडा नखशिखांत काळा. उन्हात पिसांवर हिरवट झाक येई. तुरा काळसर, पाय काळे, नखं काळी. केसरबाईंनी त्याला काखेत धरला आणि दोन बोटांनी चोच उघडली. जीभही काळी होती, शाई प्यायल्यासारखी. पंखाखालची पिसं फुंकरीनं बाजूला केली, तर कातडीसुद्धा काळी.

पहिलं अंडं कोणत्या रंगाचं येणार याची सगळ्या गल्लीला उत्सुकता होती. समोरच्या घरातल्या मुक्ताबाई रोज सकाळी डोकावून जात. त्या ऊसवाल्या घरातल्या, केसरबाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. जानेवारीत अंडं आलं ते फिकट बदामी.

"एवढं सोंग घेतलं आन अंडं आमच्यावानीच की गं!" मुक्ताबाई म्हणाल्या.

केसरबाईंनी ते वाटीत फोडलं. आत पांढरं आणि पिवळं, नेहमीसारखंच.

दुसरी एक गोष्ट त्यांच्या लवकरच लक्षात आली. या कोंबड्या अंडी घालायच्या आणि चालू लागायच्या. अंड्यांवर बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मग वर्षभर अंडी खाण्यातच गेली. पुढं केव्हातरी पिल्लं काढू, घाई काय आहे, असं केसरबाई म्हणत राहिल्या. पण १९९५ च्या दिवाळीनंतर बुद्धघोषची बदली राजकोटला झाली. आता झाबुव्याकडून दुसरी कोंबडी येणं संपलं. जे काही काळं वाण होतं, ते या चार पाखरांतच होतं.

११ फेब्रुवारी १९९६, रविवार. केसरबाई दोन दिवस करुणाकडे राहून संध्याकाळी परतल्या. खुराड्यात तीनच पाखरं दिसली.

"कोंबडा कुठाय?"

नाना ओट्यावर बसले होते. "पाव्हनं आलं हुतं. कऱ्हाटीचं व्याही. त्यास्नी काय नुसती भाकरी वाढायची व्हय?"

"म्हनून ह्यो कापला?"

"कोंबड्या अंडी देत्यात, त्या कशा कापायच्या? कोंबडा नुस्ता आरडतो. आन गल्लीत कोंबडं काय कमी हायती?"

नानांचं बोलणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. कळसमध्ये आपल्या कोंबड्यांसाठी वेगळा कोंबडा जपावा लागतो हे कुणी ऐकलेलंच नव्हतं. कोंबड्या मोकळ्या हिंडतात, कुणाचा ना कुणाचा कोंबडा उकिरड्यावर असतोच, आणि पिल्लं होतात. एखादा कोंबडा गावात एकुलता एक असेल, हा विचार नानांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

केसरबाईंचे डोळे भरून आले. पण त्यांच्यातली खोड काही गप्प बसेना. थोड्या वेळानं त्यांनी विचारलंच, "आतनं कसा हुता?"

"हाडंसुदिक काळी. व्याही म्हनलं, नाना, रस्सा करपला वाटतं. मी म्हनलं, करपला न्हाय, जातच तशी हाय. तर त्यांनी पयला तुकडा पाच मिनिटं हातात धरूनच ठिवला."

परसात टाकलेली हाडं केसरबाईंनी काडीनं उलटीपालटी करून पाहिली. खरंच, ती पाटीच्या दगडासारखी करडी-काळी होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या निमगाव केतकीच्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कोंबडा गेला तरी आठ-दहा दिवस अंडी पिल्लाची येतात. त्या दिवसांत दुसरा कोंबडा जवळ येऊ द्यायचा नाही. आला, तर मग पिल्लू कुणाचं ते सांगता येणार नाही."

घरी आल्याबरोबर तिन्ही कोंबड्या केसरबाईंनी खुराड्यात कोंडल्या आणि नानांच्या हातात काठी दिली. मुक्ताबाईंचा तांबडा कोंबडा फार धीट होता. पुढचे नऊ दिवस नाना खुराड्यासमोर बाजेवर बसून राहिले. येणारे-जाणारे विचारत, "नाना, शाळंची घंटा राहिली, आता कोंबड्यांची राखन व्हय?" नाना मान खाली घालून म्हणत, "जावा तुमी, लई काम हाय मला."

नऊ दिवसांत नऊ अंडी मिळाली. आता ती उबवणार कोण? गल्लीत एकच कोंबडी त्या दिवसांत खुडूक झाली होती, म्हणजे अंड्यांवर बसायला आसुसलेली. आणि ती नेमकी मुक्ताबाईंची.

"देती की," मुक्ताबाई म्हणाल्या. "रीतीपरमानं. निम्मी पिल्लं माझी."

"निम्मी तुमची, मुक्ताक्का. कबूल."

रीत अशी होती, की अंडीवालीनं पिल्लांचे दोन वाटे घालायचे आणि कोंबडीवालीनं त्यातला हवा तो आधी उचलायचा. एकदा हात लावलेला वाटा बदलायचा नाही.

सातव्या दिवशी केसरबाईंनी तिन्हीसांजेला बॅटरीच्या उजेडावर एकेक अंडं धरून पाहिलं. सात अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लालसर शिरा दिसल्या, दोन नुसतीच उजळ होती. "अहो, बघा बघा, हलतंय!" त्यांनी नानांना हाक मारली. नाना पाहून म्हणाले, "मला तर काय दिसंना," पण बॅटरी बराच वेळ त्यांच्याच हातात राहिली.

१२ मार्चला सहा पिल्लं निघाली, निळसर काळी, कोळशाच्या भुकटीत लोळल्यासारखी. केसरबाईंनी सहाही चोची उघडून पाहिल्या. सगळ्या जिभा काळ्या. नानांची राखण फुकट गेली नव्हती. पुढं एक पिल्लू घारीनं नेलं, पाच उरली. मे महिन्यात तुरे दिसू लागले तेव्हा कळलं, की पाचांत कोंबडा एकच आहे, बाकी चार तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या.

आता सगळं त्या एकावर आलं. तो मुक्ताबाईंच्या वाट्याला गेला आणि त्यांच्या पाहुण्यांना वाढला गेला, की काळं वाण संपलं.

"तीन-दोन घाल की," नाना म्हणाले.

"नगं. दोनाच्या वाट्यात ह्यो मोठा दिसला आन तिनं त्योच वाटा उचलला तर? एकीकडं कोंबडा एकलाच ठेवती. चार तलंगा समोर दिसल्यावर ती त्याच्याकडं बघायची बी न्हाय."

मेच्या शेवटच्या रविवारी अंगणात कोंबड्या झाकायची दोन डाली पालथी पडली. एकाखाली चार तलंगा, एकाखाली कोंबडा. मुक्ताबाईंनी दोन्ही डाली उचलून पाहिली. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"केसरे, कडबा म्हनू नगं, शेरडाची करडं म्हनू नगं, चाळीस वर्सं मी वाटं उचलती हाय. चारासमोर एक कुनी ठेवतं का? त्या एकात काय तरी हाय." आणि त्यांनी वाकून कोंबड्याचे पाय धरले. "ह्यो माझा."

केसरबाईंनी नानांकडं पाहिलं. नानाच ओट्यावरून म्हणाले, "मुक्ताबाई, तेवढा कापू नका म्हंजे झालं."

"आता! न कापायचं श्यानपन तुमी सांगावं, नाना?"

मग केसरबाईंनी सगळं सांगितलं, राजकोटची बदली, डॉक्टरांचं बोलणं, आणि हा गेला तर पुन्हा असं पाखरू कधी मिळणार नाही हे. मुक्ताबाई कोंबडा उलटा धरूनच ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी त्याला सरळ केला आणि काखेत घेतला.

"म्हंजे तुझ्या मोठ्या तीन आन ह्या चार, सात कोंबड्या माझ्या कोंबड्याबिगर वाया?"

"व्हय."

"आन माझा कोंबडा तुझ्या कोंबड्यांबिगर?"

"त्यो बी वायाच, आक्का."

"मग त्याला माझ्या दारात न्हेऊन काय करू?" मुक्ताबाईंनी केसरबाईंचं खुराडं उघडून कोंबडा आत सोडला. "ऱ्हाऊ दे हितंच. पर मालकी माझी. जेवढी पिल्लं हुतील त्यातली निम्मी माझी, आन खुडूक कोंबडी मीच देनार. फकस्त आमच्या मालकाला कळू देऊ नगंस. जावई आला की त्येंचा पयला डोळा कोंबड्यावर असतो."

केसरबाईंनी त्यांचा हात धरला.

१९९८ पर्यंत दोन्ही घरांत मिळून एकोणीस काळी पाखरं झाली. रोज सकाळी मुक्ताबाई मूठभर ज्वारी घेऊन गल्ली ओलांडत आणि केसरबाईंच्या अंगणात उकिडव्या बसून मोठ्या कोंबड्याला चारत. त्यांचे मालक सोनबा दारातून बघत राहायचे. एकदा ते नानांना म्हणाले, "आमच्या हिला झालंय तरी काय, नाना? आपली ज्वारी दुसऱ्याच्या कोंबड्याला घालती, आन वर त्याचं अंग चाचपून बघती, वाळला का म्हनून!"

नाना म्हणाले, "बायकांचं काय खरं न्हाय, सोनबा," आणि तंबाखू मळायला लागले.