पत्रा सुहासिनीचा, खांब ओमप्रकाशचा

नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे ओमप्रकाशचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पाटीवर नाव त्याचंच, पण ड्रायव्हर लोक आत शिरताच आधी विचारतात, "वहिनी कुठं हायेत?" या वहिनी म्हणजे त्याची बायको, सुहासिनी. माहेर पारशिवनीकडचं, शेतकऱ्याचं. लग्नानंतर नवऱ्याचा डबा घेऊन यायची; एकदा हाताला काम नाही म्हणून पुट्टी घासायला बसली, ती मग उठलीच नाही.

मागच्या मे महिन्यात तिच्या माहेराकडचा उन्मेष अँब्युलन्स घेऊन आला. लाकडं भरलेल्या ट्रॉलीनं गाडीची एक बाजू फाडली होती आणि सरकत्या दारामागचा खांब बुडाशी वाकवला होता.

"लवकर करून द्या, भाऊ," तो म्हणाला. "आमच्याकडं दुसरी गाडी नाही."

ओमप्रकाशनं वेल्डिंग मशीन पुढे ओढली. "फाटका पत्रा कापतो, नवा लावतो, चारी बाजूनं वेल्डिंग मारतो. पक्कं काम."

"थांबा जरा." सुहासिनीनं आतलं अस्तर उचकटून दाखवलं. पत्र्याच्या पाठीला फोम, फोमातून वायरी, वरून ऑक्सिजनची नळी. "एवढ्या लांब वेल्डिंग मारली तर हे सगळं पेटन. नाही पेटलं तरी आतला रंग जळन. तिथं आपला हात पोचत नाही, मंग गंज आतून खाते. पत्रा बाँडनं चिकटवू."

"गोंदानं गाडी जोडतेत काय वं?"

"कंपनीतूनच कितीक पत्रे चिकटवून येऊन राहिले आता. मी हिंगण्याला गाडीदुरुस्तीच्या वर्गात शिकली ना."

ओमप्रकाशला ते पटलं नाही. सुहासिनीनं सरावासाठी चिकटवलेल्या दोन पट्ट्या त्यानं शिकंज्यात धरून ओढल्या. हलल्या नाहीत. मग कडेत छिन्नी घालून उचकटलं, तशी पट्टी सोलत गेली.

"हे पाय!" त्यानं सुटलेली पट्टी तिच्यापुढे धरली.

सुहासिनीनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. "बरोबर आहे तुमचं. ओढलं तर धरते, सोललं तर सुटते. टोकाटोकांवर रिव्हेट मारू. अन् खांब तुमचाच. त्याच्यावर गाडीचा भार राहते, तिथं बाँड नाही चालत."

सिलिंडर उतरवून, खांबाजवळचा फोम आणि नळी काढून ओमप्रकाशनं खांब सरळ केला आणि वेल्डिंग मारली. बाँडला नंतर आच लागू नये म्हणून ते काम आधी.

पत्र्याला मात्र पहिल्यांदा अपयश आलं. भर दुपारी टिनाच्या शेडमध्ये पत्रा जागेवर बसेपर्यंत बाँड उन्हानं घट्ट झाला. दाबलं तरी कडेनं बाँडचा थेंब येईना. ओमप्रकाशच्या ओठांवर "म्हणलं नव्हतं?" आलं होतं, पण बायकोचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं. तिनं पत्रा ओढून काढला आणि सगळा बाँड खरवडला.

"मालात खोट नाही," ती म्हणाली. "टाइम चुकला आपला."

दुसऱ्या दिवशी पहाटे, पत्रा गार असतानाच, तिनं बाँडची सलग रेघ ओढली. एक टोक तिनं धरलं, दुसरं नवऱ्यानं. दाबताच कडेनं बाँड सारखा बाहेर आला, आणि ती मोठ्यानं हसली. मग ओमप्रकाशनं टोकाटोकांवर रिव्हेट मारले.

बाँड पुरता वाळल्यावर ऑक्सिजनची नळी त्या कामाच्या माणसाकडून तपासून घेतली, मगच गाडी सोडली. त्याच आठवड्यात खड्ड्याखड्ड्यांतून एका बाळंतिणीला नागपूरला पोचवल्याचा उन्मेषचा फोन आला. आई आणि पोरगी दोघी खुशाल. पावसाळा संपल्यावर सुहासिनीनं गाडी मुद्दाम बोलावली. अस्तर काढलं, आत गंजाचा ठिपकाही नव्हता. ओमप्रकाशनं कडेकडेनं हातोडी ठोकून पाहिली, आवाज भरीव आला.

आता शेडमध्ये गाडी आली की तो मशीनकडे जाण्याआधी हाक मारतो. परवा एका ट्रकच्या मागच्या फाळक्याची बिजागरी तुटून आली होती.

"काय वं, हे कशानं?"

"वेल्डिंगनं," ती आतूनच म्हणाली. "चांगली जाड मारा."