अमीनसाहेबांचं गाळलेलं पान

डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, निकाल त्यांच्या हातात होता. "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. मेटास्टॅसिस झालंय, म्हणजे तो यकृतातही पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही." आमचे हे बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसले होते.

यांचे थोरले भाऊ, अण्णा, गुलबर्ग्याच्या त्या दवाखान्यातच म्हणाले, "त्याला कायबी सांगायचं न्हाई. अल्सर हाय म्हणायचं. खचंल तो." आपल्याकडं या आजाराचं नाव रोग्यासमोर घेत नाहीत. मीही मान डोलावली आणि न्हाणीत नळ सोडून रडायला शिकले.

मी बिदरला शाळेत इंग्रजी शिकवायची. हे तिथून जवळच्याच कमठाणा गावचे शेतकरी. मराठी, कन्नड फर्डं, इंग्रजीशी मात्र उभं वैर. आयर्लंडमधल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या रहस्यकथांची लांबलचक मालिका मी यांना वर्षानुवर्षं मराठीत वाचून दाखवत आले. निजामाच्या काळात आमच्याकडं फौजदाराला अमीन म्हणायचे, म्हणून तो अधिकारीही आमच्या घरात अमीनसाहेब झाला. तो डब्लिनच्या पावसात भिजला की हे कळवळायचे, "त्याला एक छत्री तरी द्या की कुणी."

केमोथेरपीच्या, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरचं औषध देण्याच्या, दिवशी रांगेत बसून मी वाचत असे. यांना ते अल्सरचंच औषध म्हणून सांगितलं होतं. यांचं अंग वाळत चाललं होतं, कान मात्र शाबूत होते.

एका दुपारी अमीनसाहेब एका आईच्या दारात पोचले. तिच्या मुलाचं प्रेत सापडलं होतं. मी पान उलटलं आणि अमीनसाहेबांना थेट गाडीत बसवलं.

"थांब," हे म्हणाले. "पान गाळायलीस."

"छोटंच होतं हो."

"दर पुस्तकात अमीन घरी जाऊन खरं काय ते सांगतोय. ह्या दवाखान्यात आल्यापासून त्यानं एकालाबी सांगितलं न्हाई. कामून?"

मी पुस्तक मिटायला गेले. "वाच," हे म्हणाले.

मी पान मागं घेतलं. अमीनसाहेब त्या आईसमोर बसले. तुमचा मुलगा गेला, असं ते म्हणाले नाहीत. 'मेलाय' म्हणाले, म्हणजे तिला वेडी आशा राहू नये.

"आता माझं सांग," हे म्हणाले.

मी सांगितलं. नावासकट सांगितलं. हे बराच वेळ माझ्या हाताची बोटं चाळवत राहिले. मग म्हणाले, "मला कळलंय म्हणून अण्णाला सांगू नको. खचंल तो."

मग डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर सुचवली. त्यात आजार बरा करत नाहीत, दुखणं कमी करतात. आम्ही कमठाण्याला परतलो. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात; शेतात आपल्याला कुठं पुरायचं ते यांनी मला स्वतः दाखवलं. येताना यांना दमून बांधावर बसावं लागलं. त्या पुस्तकाचा शेवट काही आमच्याकडून वाचून झाला नाही.

तुमच्या घरी असा आजार आला तर काय करावं, हे मी कोण सांगणार? प्रत्येकाचं माणूस वेगळं. पण यांना कळल्यापासून मला न्हाणीत जावं लागलं नाही. यांच्या छातीवर डोकं ठेवून, यांच्याचसाठी, मी यांच्या देखत रडले. आणि हे माझ्या पाठीवर थोपटत राहिले.