माईंच्या खांद्यावरची डायपर बॅग

आमच्या शिवणाच्या खोलीत दिवसभर चिंध्या पडतात. त्या निदान उशीत भरता येतात. दिवसभर कानावर पडलेलं मात्र कशातच भरता येत नाही, ते डोक्यातच साचतं. म्हणून कोणी भेटलं की मी सुरू होते. त्यातल्या त्यात एका बॅगेचे किस्से सांगितल्याशिवाय मला जेवण पचत नाही.

खोली सुमनमामीची, दिवेआगरात. होमस्टेवाल्यांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतो. मशीनवर मी, नसरीनभाभी आणि माझी मावसबहीण रूपाताई. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. गावाने ही बातमी चक्रीवादळापेक्षा जास्त दिवस चघळली.

रूपाताईचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, बीपी. तिच्या सासूने, म्हणजे माईंनी, वेगळंच सांगितलं. "आधीच टोपडं शिवून ठेवलं हिनं. जन्माच्या आधी वस्तू केली की असंच व्हतं." आमचं गाव औषधाला डॉक्टरकडे जातं आणि कारणाला माईंकडे. तेव्हापासून ताई बाळाच्या कपड्याला हात लावेना. गिऱ्हाइकाचं झबलं आलं तरी न बघता माझ्याकडे सरकवायची.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. डोहाळजेवणाला मी डायपर बॅग शिवायची ठरवली. कोणाला न विचारता. विचारलं असतं तर हे किस्सेच झाले नसते.

*

कापड होतं एका होमस्टेच्या पडद्याचं, पिवळ्या फुलांचं. आत अस्तर छत्रीच्या कापडाचं, म्हणजे ओलं झालं तरी पुसता येईल. दुधाच्या बाटल्यांना उभा कप्पा, लंगोट बदलताना बाळाखाली घालायला घडीची गादी. मामीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"काय गो हे?"

"डायपर बॅग."

"लंगोटाला बॅग? आम्ही चार पोरं जुन्या लुगड्याच्या दुपट्यांत वाढवली."

"मामी, तुझी चारही पोरं आज त्या दुपट्यांची आठवण काढत असतील, नाही?"

चारही पोरं पनवेलला असतात आणि दिवाळीला फोन करतात. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

*

नसरीनभाभीचा नवरा मस्कतला. तिकडून तिला तयार बॅग आली होती, तिच्या मुलीच्या वेळची. मापासाठी ती घेऊन आली. कोरी करकरीत.

"वापरली नाहीस?"

"कशी वापरणार? सासू बोलली, बच्चा यायच्या आधी सामान आलं, नजर लागंल. पेटीत टाकली. चावी तिच्याकडं. मिळाली तेव्हा पोरगी शाळेत जायला लागलेली." आणि दोरा दाताने तोडत म्हणाली, "तुमचा देव वेगळा, आमचा वेगळा. सासू मात्र एकाच कारखान्यातली."

*

मग बातमी माईंपर्यंत गेली. मामीनेच पोचवली, आणि वर तोडगाही तिनेच काढला. बॅग द्यायची, पण ती बाळाची आहे असं म्हणायचं नाही. बाजाराची पिशवी म्हणायचं. म्हणजे देवाला कळणार नाही. एवढे नवस बोलतात त्या देवाला, आणि तो इतका बावळट आहे असं यांचं मत!

*

डोहाळजेवणाला ताई हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत बसली होती. मी बॅग पुढे केली. ताईचा हात यायच्या आत माईंचा आला. एकेक कप्पा उघडून बघायला लागल्या.

"हा उभा कप्पा कशाला?"

"पाण्याच्या बाटलीला," मामी म्हणाली.

"आणि ही घडीची गादी?"

मामी अडखळली. "ती... बाजारात कुठं टेकायचं झालं तर."

अख्ख्या ओसरीवर एकही बाई अशी नव्हती जिला खरं माहीत नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई मांडीवरच्या नारळाकडे बघत राहिली. बॅग माईंच्या खांद्याला लागली ती लागलीच.

*

पुढच्याच आठवड्यात माई मला मासळीबाजारात भेटल्या. बाटल्यांच्या कप्प्यात बोंबील. घडीच्या गादीत गुंडाळलेली सुरमई. छत्रीच्या अस्तरातून एक थेंब खाली पडत नव्हता.

"कप्पे ब्येस केलेस हो पोरी," माई म्हणाल्या. "कॉलेज सोडलंस ते बरंच झालं."

आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव शाबासकी. तिलाही बोंबलाचा वास होता.

*

मी ताईच्या नवऱ्याला गाठलं. म्हटलं, दाजी, तुम्ही तरी बोला.

"आईशी कोण वाद घालणार?"

हा माणूस बीचवरच्या मॅचमध्ये दर रविवारी अंपायरची कॉलर धरतो.

*

ताईचा आठवा महिना संपत आला आणि ग्रहण आलं. संध्याकाळचं. गावात नियम माहीतच आहेत. दोन जिवाच्या बाईने आतल्या खोलीत निजून राहायचं, काही चिरायचं नाही, कापायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. मामीने दुपारीच मशीनवर चादर टाकली आणि घरी गेली. मी खोली मुद्दाम उघडी ठेवली.

ग्रहण लागलं, आणि दारात ताई. हळूहळू चालत आलेली. तिच्यामागे धापा टाकत माई.

ताईने उरलेलं पिवळं कापड बाळाच्या नव्या बॅगेसाठी टेबलावर अंथरलं. माझ्या पुढ्यातली कात्री उचलली.

"रूपा, ठेव ती खाली," माई म्हणाल्या. "पाया पडते तुझ्या. दोन जिवाची हायस."

"मागच्या वेळीही ग्रहण आलं होतं, माई. मी आतल्या खोलीत पडून होते. कूस बदलली नाही. तहान लागली तर पाणी मागितलं नाही. तुम्हीच दाराशी बसला होतात ना?"

ताईने कात्री चालवली. पडद्याचं कापड जाड, मधेच घसरायला लागलं. पोट आड येत होतं, पलीकडे हात पोचेना. मी उठले, तर तिने मला मानेनेच बस म्हटलं.

"माई," ती म्हणाली, "ते टोक जरा धरा. सरकतंय."

माईंनी धरलं.