हात मिळतील

हुडकेश्वर रोडला माझी एक खोली आहे. पुढे दोन बाकडी, वर पत्र्याचा बोर्ड. बोर्डावर एवढंच लिहिलेलं आहे : हात मिळतील. पेंटर म्हणाला होता, "काकाजी, एजन्सीचं काही नाव तं ठेवा. देवाचं ठेवा, नातवाचं ठेवा."

मी म्हटलं, "ज्याले चार दिवसांसाठी माणूस पाहिजे, त्याले माह्या नातवाशी काय करायचं आहे?"

मी तिसरी शिकलो, तीही पुरती नाही. तरी पोरं नको म्हणत असताना म्हातारपणी ही एजन्सी मी काढली. कोणाचा स्वयंपाकी गावी गेला, कोणाची कामवाली आजारी पडली, कोणाच्या घरी लग्न निघालं, की आठ-दहा दिवसांसाठी माणूस माझ्याकडून जातं.

काढली ती एका गोष्टीसाठी. जन्मभर मी ठिय्यावर उभा राहिलो. ठिय्या म्हणजे सकाळी मजूर कामाची वाट पाहतात तो चौक. हिवाळ्यात तिथे धुकं उतरायचं आणि त्यात आम्ही सगळे गळ्यापर्यंत बुडालेले असायचो. नुसती डोकी दिसायची, शेतात बुजगावणी दिसतात तशी. मग धुक्यातून एक स्कूटर यायची. ठेकेदार बोट दाखवायचा : तू, तू आणि तो लंबा. तो तोंड पाहायचा, दंड पाहायचा. हाताकडे कोणी पाहिलं नाही. भिंतीला गिलावा करावा तर मीच, पण किती दिवस मी नुसत्या विटा वाहिल्या.

म्हणून माझ्या खोलीचे दोन कायदे. इथे कोणी उभं राहायचं नाही. आणि इथे तोंडाचं काम नाही, हात दाखवायचा. तळवा पाहिला की मला माणूस कळतो. कुठे घट्टा आहे, कुठे भाजलंय, बोटं कशी वळतात. कागद खोटं बोलतो, तोंड त्याहून जास्त. हात बोलत नाही, म्हणून मी त्याचं ऐकतो. असं मी सगळ्यांना ऐकवायचो आणि आमची बुढी, म्हणजे बायको, मागच्या घरातून म्हणायची, "हो ना बाप्पा, ज्योतिषीच लागून गेले!"

संक्रांतीच्या दहा-बारा दिवस आधी एक बाई आली. चाळिशी उलटलेली, भिवापूरकडची, हुडकेश्वरातच भावाकडे उतरलेली. भावाने बोली केली होती : संक्रांतीपर्यंत काम लागलं तर राहा, नाही तर गावी परत जा. तिला परत जायचं नव्हतं. एवढं तिनं बाकड्यावर बसता बसताच सांगून टाकलं. पुढेही सांगणार होती.

"हात दाखव," मी म्हटलं.

तिनं हात पुढे केले. असे हात मी पाहिले नव्हते. घट्टा नाही, चीर नाही. तुकतुकीत, जरा लालसर, रेघन् रेघ तेलानं पुसून काढल्यासारखी. मला वाटलं, हे हात कोणाला तरी निजवण्यासाठीच केलेले आहेत. त्याच सकाळी एका घरून निरोप आला होता. लेक बाळंतपणाला आलेली, मालिश करणारी बाई दहा दिवस लग्नाला गेलेली.

"उद्यापासून बाळंतिणीची मालिश. बाळाचीही."

"पण काकाजी, मी परवापर्यंत..."

"इथे तोंडाचं काम नाही," मी म्हटलं.

तिनं पत्ता विचारून घेतला. बोर्ड लावून बसलेल्या माणसाला जास्त कळत असेल, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. फोनमध्ये आधी कोणी बोललंच नाही, नुसतं एक लेकरू रडत होतं.

मी पोचलो तेव्हा रडणं थांबलं होतं. थंड दुधाच्या घड्यांनी बाळाचं अंग पुसून काढलं होतं आणि ते आईला लुचत पडलं होतं. त्याच्या मांड्या लाल झाल्या होत्या, बाकी काही नाही. घरातली आजी दारातच उभी होती.

"मिरचीचे हात लेकराले लावाले पाठवता? तुमचा बोर्ड काढून टाका, काकाजी!"

तेव्हा मला कळलं. बाई परवापर्यंत मिरचीच्या सातऱ्यावर होती. भिवापूरकडे वाळल्या मिरच्यांचे ढीग मोकळ्या जागेवर पसरतात आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात, त्या जागेला सातरा म्हणतात. तिखट कातड्यात मुरतं. तिनं चारदा ताकानं हात धुतले होते, तेल चोळलं होतं. ज्याचा हात, त्याला जळत नाही. तिला वाटलं, गेलं. पण कोमट तेलात ते पुन्हा जागं झालं.

जिना चढताना मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं : बाईनं माझ्यापासून लपवलं. ते ओठावर आलं होतं. तेवढ्यात ती मला दिसली. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती. उभी. ठिय्यावर आम्ही राहायचो तशी.

मी म्हटलं, "ती सांगून राहिली होती. मीच ऐकलं नाही."

आयुष्यात असं वाक्य मी दुसऱ्यांदा बोललो नाही. आजी म्हणाली, "तं आता ऐका," आणि दार लावून घेतलं.

बाईला घेऊन मी घरी आलो. बुढीला कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "हात पाह्यले, न् वास नाही घेतला? मिरचीचा हात आठ दिवस मिरचीचाच राहते, हे लहान पोरीले बी माहीत आहे. तुमचा कायदा घाला चुलीत." मग बाईला म्हणाली, "तू रोज इथं येत जाय वं. ताक मी देतो."

ती रोज दुपारी यायची. बाकड्यावर ताकाचं पातेलं घ्यायची, मनगटापर्यंत हात बुडवून बसायची आणि बोलायची. मी दुसऱ्या बाकड्यावर. हिवाळ्याचं ऊन पायावर आलेलं, समोरून कोणी जातंय, कोणी नाही. ती सांगायची, सातऱ्यावर नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल असते. सकाळी त्यावर दव पडतं तेव्हा ती निजल्यासारखी दिसते. वारा सुटला की साऱ्या बाया एकदम शिंकतात आणि मग साऱ्या एकदम हसतात. घरी गेल्यावर लेकरू जवळ आलं की हात पाठीमागे घ्यावे लागतात. तिची पोरगी तशीच मोठी झाली. आईनं डोळे पुसले, असं तिला आठवतच नाही.

ऐकता ऐकता मला झापड यायची. मग ठिय्यावरचं धुकं लाल व्हायचं. त्यात आमची सगळ्यांची डोकी, आणि कोणी तरी शिंकायचं. जागा झालो की ती तिथेच असायची, हात ताकात, गोष्ट अजून चालू.

संक्रांतीला एक दिवस उरला. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारा अंथरुणाला खिळला होता. त्याच्या लेकीला महिनाभर पाय चोळायला बाई हवी होती. हिला पाठवावं, पण तिखट गेलं की नाही, ते आधी कळायला हवं होतं. त्या तळव्यांकडे मी पाहून पाहून थकलो. ते पहिल्या दिवशी होते तसेच होते, तुकतुकीत. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

बुढी दारातून म्हणाली, "आता कसं वळखाल? लावा तुमच्याच डोळ्याले."

"हो," मी म्हटलं. "तेल कोमट कर."

"अवं माय, मी तं गंमत करून राहिली होती!"

"तेल आण म्हटलं ना."

बाई घाबरली. "नाही काकाजी, मले भेव लागते. डोळा आहे तो."

"त्या लेकराले कोणी इचारलं होतं?"

मी बाकड्यावर मान टेकवली आणि डोळे मिटले. तिनं बोट तेलात बुडवलं. आधी कपाळावर आलं, मग पापणीवर. पापणीच्या आत उन्हाचा लाल रंग भरलेला होता, अगदी तिच्या सातऱ्यासारखा. मी आगीची वाट पाहत राहिलो. बोट गोल फिरत होतं. लाल रंग हळूहळू निवळला, मग पाण्यासारखा काही तरी झाला, आणि मी त्यात कुठे तरी खाली चाललो होतो.

"जळून राहिलं का, काकाजी?"

माझ्या डोळ्यांवरून असा हात कोणी फिरवला होता, हे आठवायला फार मागे जावं लागत होतं.

"बुढा झोपला वाट्टे," आमची बुढी म्हणाली.

मी डोळे उघडले. तेलामुळे बोर्ड, रस्ता, दोघी बाया, सगळं पुसट झालं होतं. बाई बाकड्याच्या टोकाला बसून माझ्याकडे पाहत होती. तिचे हात अजून हवेतच होते.

"चप्पल घाल," मी म्हटलं. "घर दाखवतो. त्या म्हाताऱ्याच्या पोरीले सातऱ्याचं सारं आधीच सांगायचं. तूच सांग, मी बसतो बाजूले."