भागूबाई चपला पळवते

निघोजच्या कुंडावर भागूबाईचं लिंबू-सरबताचं दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली एक स्टूल. त्या स्टुलावर ती कधी टेकली असेल तर शपथ. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि हिचं सगळं लक्ष नदीत. कुकडीच्या पाण्यानं कातळात कोरलेले खोल रांजणखळगे बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, चपला कडेला काढतात आणि डोहात पाय सोडून फोटो काढत बसतात.

उन्हाळ्यात वरच्या धरणातून नदीला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की अख्खं गाव खूश. भागूबाईचा मुलगा सुनील तर नदीवरच्या पाण्याच्या मोटारीपाशीच मुक्काम ठोकायचा, कारण रानातला कांदा पाण्यावाचून वाळत असायचा. भागूबाई मात्र धास्तावायची. एका वर्षी कॉलेजचा एक पोरगा त्या पाण्यात तिच्या डोळ्यांदेखत सापडला. वाचला, पण त्याचा पांढराफटक चेहरा तिच्या मनातून जाईना. तेव्हापासून पाणी सुटलं की ती काठाकाठानं ओरडत फिरायची. सरबतवालीचं ऐकतंय कोण? कोरड्या कातळाकडं बोट करून लोक हसायचे. मग तिनं आपली युक्ती काढली. चपला उचलायच्या आणि वर पळत सुटायचं. जिवासाठी जागचे न हलणारे लोक महागड्या बुटांसाठी बरोबर धावत यायचे.

तक्रारी व्हायच्या त्या झाल्याच. ती ज्याच्या जागेत बसायची त्या पार्किंगवाल्या रंगनाथनं बजावलं, आता एक जरी बोंब आली तरी दुकान उचलायचं. घर चालायचं ते या दुकानावर, म्हणून सून धनश्रीनंही हात जोडले. भागूबाईनं मान डोलावली.

एप्रिलमधल्या एका दुपारी सुनीलचा फोन आला. पाणी वरच्या बंधाऱ्यावरून पुढं निघालं होतं. खाली कातळावर नवरा, बायको आणि एक लहानगी पोर निवांत बसलेली. भागूबाईनं घसा फोडून हाका मारल्या. नवऱ्यानं हात हलवला आणि पुन्हा मोबाईल वर धरला. ती दुकानाकडं चार पावलं गेली, परत आली, पुन्हा गेली. मळगंगादेवीला हात जोडले, रंगनाथला मनातल्या मनात शिव्या हासडल्या. शेवटी उतरलीच. तिघांचे बूट पदरात घेतले आणि धूम ठोकली.

नवरा ओरडत मागं, त्याच्यामागं पोरीला कडेवर घेतलेली बायको. गाडीपाशी त्यानं तिला गाठलं, बूट हिसकावले, नको नको ते बोलला. ती पाण्याचं सांगत होती, पण चोराचं कोण ऐकून घेतं? रंगनाथपाशी तक्रार करून तो तणतणत निघून गेला. पाणी आलं तेव्हा त्यांची गाडी केव्हाच लांब गेली होती. पोर बसली होती तो कातळ गढूळ पाण्यात बुडाला, आणि ते बघायला काठावर एकटी भागूबाई होती. तिला रडू आलं, रागाचं आणि सुटकेचंही.

रंगनाथनंही नंतर पाणी बघितलं. पाणी आलं खरं, पण बोंबही आली, म्हणाला. अंधार पडायच्या आत त्यानं ताडपत्री सोडायला लावली.

दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन भागूबाई पुन्हा कुंडाकडं निघाली. धनश्री कळवळून आडवी आली.

"आत्या, दुकान बंद झालं. आता काय हाय तिथं आपलं?"

"दुकान बंद झालं," भागूबाई म्हणाली. "पानी बंद झालंय व्हय?"