पिवळ्या डोळ्यांचा करकोचा

त्या दुपारचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आमचा मामा दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टरांनी नाडी धरायच्या आत पेशंटची पापणी ओढून कावीळ सांगून मोकळा. रक्त तपासायची गरजच काय, असा तोरा. सतरा वर्षांपूर्वी मामीलाही त्यानं काविळीपायी पंधरा दिवस अंथरुणातून उठू दिलं नव्हतं. तिकडे तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. मामी माहेरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

यंदा उन्हाळ्यात तळ्यावरच्या कोळ्यानं जाळ्यात अडकलेला करकोचा आणला. माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच, झळाळती काळी मान, लाल पाय. मामानं पंखाला टाके घातले. तिसऱ्या दिवशी पक्षी पंख पसरू लागला. घरट्यात पिलं असतील, सोडून दे, असं मी म्हटलं. मामानं चोच धरून डोळा बघितला. पिवळाजर्द. कुंपणापलीकडे दुसरा करकोचा रोज येऊन उभा राहायचा, त्याचे डोळे काळेभोर. मामाला तेवढा पुरावा पुरला. तो निरोगी, हा काविळीचा. मी बोलून थकले. कंपाउंडर कोण, तू की मी, असं विचारून त्यानं माझं तोंड बंद केलं. न्हाणीघरात कोंडून तो पक्ष्याला माशातून औषध देत राहिला.

नवव्या दिवशी टाके काढायला जनावरांची डॉक्टरीण आली. औषधाची बाटली बघून तिनं कपाळाला हात लावला. या जातीत मादीचे डोळे पिवळेच असतात, काळे असतात ते नराचे. ही मादी होती.

आम्ही तिला घेऊन तळ्यावर धावलो. वाटेत डॉक्टरीण सांगत होती, की उन्हात एकानं पिलांवर पंख धरायचे आणि दुसऱ्यानं चोचीतून पाणी आणून पाजायचं. एकट्या नराला दोन्ही कसं जमावं? कोळी झाडावर चढला. तीन पिलं, तिन्ही वाळलेली, असं त्यानं वरूनच सांगितलं.

मादीला सोडलं. नर उतरला. दोघं समोरासमोर पंख फडफडवत चोची वाजवू लागली. इतक्या दिवसांनी भेटल्याचा तो आनंद मला बघवेना.

घरी आल्यावर मामानं मामीला काही न लपवता सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"माझं रक्त तरी तुम्ही कुठं तपासलं होतं?"

सतरा वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मामाला तिच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत झाली नाही.