बाण नसलेला चौकोन

मी चौथी पास. पण माझ्या लेकीच्या कॉम्प्युटरच्या कामातली एक चूक मी काढली होती, आणि तीही यंत्र डोळ्यांनी न बघता.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लेक मुंबईच्या एका कचेरीत टायपिंग करता करता प्रोग्राम लिहायला शिकली. प्रोग्राम म्हणजे यंत्राला ओळीने लिहून दिलेले हुकूम. साहेबांनी तिला काम दिलं, दुसऱ्यांचे प्रोग्राम न चालवता, नुसते वाचून तपासणारा प्रोग्राम बनव. गणपतीच्या सुट्टीनंतर दाखव, नाहीतर परत टायपिंगला बस. म्हणून गावी, कापड्याला, आली ती कागदांची गुंडाळी घेऊनच. दुपारी पडवीत कागद पसरले. त्यावर कुणाच्या तरी प्रोग्रामचे नुसते चौकोन, एका हुकुमाला एक, आणि एकातून दुसऱ्यात जाणारे बाण.

सासूबाई म्हणाल्या, "एवढी शिकली नि भुईवर सोंगट्या मांडून बसली."

मी म्हटलं, "चालवून बघ की. चुकलं तर कळंल."

"आये, चालवलं तर एका येळी एकच वाट दिसते. मला सगळ्या बघायच्यात. पहिला सोडून ज्या चौकोनात एकपण बाण येत नाय तो फुकट. माझा प्रोग्राम सांगणार, काढून टाका."

हे मला समजलं. भाताच्या खाचरांत पाणी सोडण्याआधी मी बांधावरून फिरून हेच बघायची. कुठल्या बांधाला तोंड आहे, पाणी कुठे पोचेल, कुठे तुंबेल. सुपात वाल होते. बोट बाणावरून फिरवत ज्या चौकोनात पोचले त्यात मी एकेक वाल ठेवत गेले. शेवटी एक चौकोन रिकामा राहिला.

"तोच फुकटचा," लेक खुशीत म्हणाली.

"त्यात लिवलंय काय?"

"गडबड झाली तर काम थांबवा, साहेबाला कळवा."

"मग फुकट कसा गो? आपला खालचा तुकडा गवताला सोडलाय, तो फुकट हाय? त्याला तोंड नाय, पण बांध फुटला की पाणी तिथंच जातं. तुझी गडबड कुठनं होते?"

"कुठनंपण होईल."

"मग सगळीकडनं बाण काढ."

तिने कागद जवळ ओढला. मग माझ्यावरच खेकसली, "आधी का नाय सांगितलंस?" आणि वाल बाजूला ढकलून दिले. पुढचे दोन दिवस लाल पेन्सिल घेऊन बसली होती. आरतीलाही उठली नाही. मी तिच्या बाजूला बसून वाल ठेवत होते आणि ती मोजदाद करत होती. भांडलो, हसलो. तिच्याबरोबर तेवढा वेळ मी पुन्हा कधी बसले नाही.

मुंबईहून पत्र आलं. साहेबांनी काम पास केलं, टायपिंग कायमचं सुटलं. पुढच्या गणपतीला ती दीड दिवस आली. त्याच्या पुढच्याला तेवढंही जमलं नाही. टायपिंगवालीला सुट्टी तरी मिळायची.